लाल पेन्सिल, संध्याकाळचं कुरिअर आणि पेन्शन: कोथरूडमधल्या एका घरगुती पुस्तकविक्रीचं प्रकरण

या प्रकरणातली नावं, वयं आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. रकमा जवळच्या हजारात आणल्या आहेत. घरगुती धंद्यांचे हिशेब लावून देणं हे माझं काम. सुनंदाताईंनी बोलावलं तेव्हा त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: "धंदा बंद करू की चालू ठेवू, एवढं आकड्यांत सांगा." आकडे मांडायला घेतल्यावर दिसलं की घराचा खर्च धंद्याच्या वहीत चढला होता आणि धंद्याची घाई घराच्या वेळापत्रकात शिरली होती. ही गुंतवळ सोडवल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

पार्श्वभूमी

२०१९ मध्ये पुण्याच्या नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला आणि कुटुंब कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलं. सुनंदाताई, त्यांचे यजमान, सासरे आप्पा आणि सासूबाई, ज्यांना सगळे आई म्हणतात. यजमान चाकणच्या कारखान्यात पाळीवर. धाकटे दीर बंगळूरला, नणंद नाशिकला.

आप्पा सरकारी मुद्रणालयातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. वाड्यात माळ्यावर, जिन्याखाली आणि कोनाड्यांत मावलेली त्यांची पुस्तकं फ्लॅटमध्ये मावेनात. रद्दीवाल्याने किलोचा भाव सांगितल्यावर आप्पांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. मग सुनंदाताईंनी पुस्तकांचे फोटो काढून एका विक्री-संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. दुर्मीळ म्हणावं असं त्यात फार नव्हतं, पण बाजारात मिळेनाशी झालेली पुष्कळ होती: कोश, चरित्रं, जुने पाकशास्त्राचे ग्रंथ, बांधीव दिवाळी अंक. ती उचलली गेली. आप्पांची जादा पुस्तकं संपली तेव्हा सुनंदाताईंच्या हातात संकेतस्थळावरचं एक चालतं खातं होतं आणि गिऱ्हाइकांची सवय लागली होती.

पुढचा माल दोन वाटांनी यायचा. एक, वाडे रिकामे होताना निघणारे घरगुती संग्रह. शिवाय बुधवार-रविवारचा जुना बाजार. दुसरी वाट सदाशिव पेठ आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांची. एमपीएससीची तयारी करणारी मुलं गावी परतताना पुस्तकांचा अख्खा संच अर्ध्याहून कमी किमतीत काढतात आणि नव्याने आलेल्या मुलांना तोच संच हवा असतो. हा माल आठवड्यात फिरायचा, आणि महिन्याची रोकड त्यातूनच यायची. झेरॉक्स नोट्सना मात्र त्यांनी हात लावला नाही. विकत घेतलेलं छापील पुस्तक पुढे विकायला कायद्याची आडकाठी नाही, त्याची प्रत काढून विकणं हा वेगळा मामला.

वाड्यातल्या एका गठ्ठ्यात एकदा हस्तलिखित पोथी निघाली. पंचाहत्तर वर्षांहून जुनं, वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. आप्पा तेव्हा ठणठणीत होते. त्यांनीच ती मूळ मालकांना परत दिली आणि भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा म्हणून सांगितलं.

कराच्या बाजूनेही धंदा सुटसुटीत होता. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. मधे कोणीतरी "जोडीला तांब्या-पितळेची जुनी भांडी ठेवा" असं सुचवलं होतं. ती परराज्यात ऑनलाइन विकायची तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागली असती. त्यांनी पुस्तकांवरच थांबायचं ठरवलं.

२०२३ च्या सुमारास महिन्याची विक्री ४५,००० च्या आसपास होती. खरेदी, टपाल, पॅकिंग आणि संकेतस्थळाचं कमिशन वजा जाता १५ ते १६ हजार उरायचे. सुनंदाताईंच्या स्वतःच्या कामाची किंमत त्यात धरलेली नाही. घरगुती धंद्यात ती कोणीच धरत नाही, हा माझा नेहमीचा वाद.

अडचण कशी वाढत गेली

२०२२ मध्ये एकदा कोथरूडमधल्याच मृत्युंजयेश्वराच्या देवळात जातो म्हणून निघालेले आप्पा पार डेक्कनला सापडले. तपासण्यांनंतर स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तरी पुढची दोन वर्षं घर फारसं हललं नाही, कारण आई होत्या. आप्पांना आंघोळीला कधी पाठवायचं, गोळी कशात लपवून द्यायची, चिडले की कुठला विषय काढायचा, हे सगळं त्यांना पाठ. पूर्ण वेळ आप्पांना सांभाळणारं माणूस घरात होतं. ते बिनपगारी असल्यामुळे कोणाच्या हिशेबात नव्हतं, इतकंच.

जून २०२४ मध्ये आई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. त्या दिवसापासून घरात सांभाळणारं एक माणूस कमी झालं आणि सांभाळायचं एक वाढलं.

धंद्यावर याचा परिणाम तीन तऱ्हांनी झाला.

पहिली तऱ्हा पुस्तकं जागेवर न सापडण्याची. माल आप्पांच्याच खोलीतल्या रॅकवर असायचा. ते पुस्तकं काढायचे, चाळायचे आणि त्यांच्या मते बरोबर असलेल्या जागी ठेवायचे. ती जागा कधी उशीखाली, कधी धान्याच्या डब्यामागे. विकलेलं पुस्तक सापडलं नाही की ऑर्डर रद्द करावी लागे, आणि विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली की खात्याचा दर्जा घसरतो, यादीत नाव खाली जातं.

दुसरी तऱ्हा लाल पेन्सिलीची. उभं आयुष्य चुका शोधण्यात गेलेला माणूस छापील पान हातात आलं की गप्प बसत नाही. आप्पा समासात खुणा करू लागले: ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, उलटा टाइप. रीतसर मुद्रितशोधनाच्या खुणा, आणि बऱ्याचदा अगदी बरोबर! पण यादीत 'आतील पाने स्वच्छ' असं लिहिलेलं पुस्तक लाल खुणांसकट सोलापूरला पोचलं की ते परत येणारच. एका गिऱ्हाइकाने तर फोटो पाठवून विचारलं, "हे तपासलेलं पुस्तक आहे की विकायचं?"

तिसरी तऱ्हा सगळ्यांत जाचक, आणि तिचं कारण घरच्यांच्या ध्यानात सगळ्यांत उशिरा आलं. संकेतस्थळाचा कुरिअरवाला दुपारी चारनंतर केव्हाही यायचा. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ आणि अस्वस्थता संध्याकाळी वाढते. आप्पांचंही तसंच होतं. नेमक्या त्याच वेळी बेल वाजायची, अनोळखी मुलगा दारात उभा राहायचा आणि घरातली पुस्तकं पोत्यात भरायचा. आप्पांच्या लेखी तो रद्दीवाला. "कोणाला विचारून नेतोस? ठेव खाली!" असं ओरडत ते दाराशी यायचे. एकदा त्यांनी त्याच्या हातातलं पाकीट ओढून फाडलं. त्यानंतर रात्री नऊपर्यंत घर शांत व्हायचं नाही, आणि वॉकरवरच्या आई त्यांना आवरायला उठायच्या, हे आणखी धोक्याचं.

घरच्यांचा समज असा की आप्पा 'दिवसेंदिवस आक्रमक होत चाललेत'. डॉक्टरांनी गोळी वाढवून पाहिली. सुनंदाताई मात्र ऑर्डरची वही नीट ठेवत, आणि तिच्यात वाईट संध्याकाळींपुढे फुली मारायची सवय त्यांना होती. मी ती वही पाहिली तेव्हा रविवारच्या ओळींत फुल्या जवळजवळ नव्हत्या. रविवारी कुरिअर येत नाही.

समोर असलेले पर्याय

जुलै २०२४ मध्ये सुनंदाताईंचा कल धंदा बंद करण्याकडे होता. त्यांचं गणित सरळ होतं: घरी रुग्ण सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून दिवसाची मावशी ठेवायची तर महिन्याला २४,०००, धंद्यातून सुटतात १५,०००. म्हणजे धंद्यासाठी मावशी ठेवली तर महिन्याला नऊ हजार खिशातून जाणार. त्यापेक्षा धंदा बंद करून स्वतःच मावशीचं काम करावं.

बेरीज-वजाबाकी चोख होती, पण मांडणी मला पटली नाही. मावशी धंद्यासाठी हवी, हे कोणी ठरवलं? आजारी आप्पा, पडलेल्या आई, आणि त्यांना मुलं तीन. सुनंदाताईंचा धंदा नसता, त्या नुसत्या गृहिणी असत्या, तरी दोन रुग्णांना एकट्या माणसाने सांभाळणं अशक्यच होतं. मावशीचा पगार हा घराचा खर्च. तो सुनेच्या पंधरा हजारांतून वजा केल्यामुळे धंदा तोट्यात दिसत होता. मी कागदावर दोन रकाने केले आणि तो आकडा धंद्याच्या रकान्यातून काढून घराच्या रकान्यात टाकला. सुनंदाताई बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही यांच्यासमोर सांगाल का?"

दुसरा पर्याय माल बाहेर हलवण्याचा. जवळच्या सोसायटीत तळमजल्याची एक खोली सात हजारांत मिळत होती. लाल पेन्सिलीचा प्रश्न त्याने सुटला असता. पण मग प्रत्येक ऑर्डरसाठी घर सोडून जावं लागलं असतं, आणि घर सोडता येत नाही हीच तर मूळ अडचण.

तिसरा, एमपीएससीच्या ओळखीतल्या एका मुलाला भागीदार करून रोजचं काम त्याच्याकडे द्यायचं. तो तयार होता. पण त्याची परीक्षा आली की तो अभ्यासिकेत जाणार, हे दोघांनाही माहीत होतं.

दिवसभराचं सांभाळ केंद्रही पाहून झालं. आप्पा रिक्षात बसायलाच तयार होईनात. तो विषय आठवड्यात संपला. वृद्धाश्रमाचा उच्चार दिरांनी फोनवर एकदा केला. आईंनी फोन सुनंदाताईंच्या हातात परत दिला आणि तो विषयही संपला. शेजारच्या एका बाईंनी आयुष्मान भारत कार्डाचं सुचवलं होतं. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ती योजना ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी सुरू झाली, आईंच्या शस्त्रक्रियेनंतर. आणि ती रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देते, घरी येणाऱ्या मावशीचा नाही.

उरला तो धंद्याचा आकार बदलण्याचा पर्याय. इथे मी वहीतल्या ऑर्डरी दोन ढिगांत वेगळ्या केल्या. परीक्षेच्या पुस्तकांच्या ऑर्डरी संख्येने तिप्पट, पण दर ऑर्डरीमागे सुटणारा पैसा कमी. शिवाय उशीर, तक्रार, "आज निघालं का?" असे निरोप, हे जवळजवळ सगळं त्याच ढिगातलं. साहजिक आहे, परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाला पुस्तक परवा हवं असतं. जुन्या पुस्तकांचं गिऱ्हाईक वेगळं. एखादा कोश दहा वर्षं शोधणारा माणूस आणखी आठ दिवस आनंदाने थांबतो. एकाच दुकानात दोन प्रकारची माणसं उभी होती, आणि घाई असलेल्यांच्या वेळापत्रकावर अख्खं घर चाललं होतं.

परीक्षेच्या मालाला आणखी एक कीड होती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक पद्धतीने २०२५ पासून होणार, हे आयोगाने पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. पूर्वपरीक्षेची पुस्तकं चालत राहणार होती; मुख्य परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचं आयुष्य मात्र ठरून गेलं होतं. तरी २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत सुनंदाताई ते घेत होत्या, कारण स्वस्त मिळत होते. स्वस्त का मिळत होते, हे आता सांगायला नको.

काय केलं

सगळ्यांत आधी खातं सुट्टीवर टाकलं. बहुतेक संकेतस्थळांवर ही सोय असते: दुकान काही काळ दिसत नाही, पण ऑर्डरी रद्द केल्याचा ठपका बसत नाही. हातातल्या ऑर्डरी पुऱ्या करून ऑगस्टभर दुकान बंद राहिलं. विक्री शून्य. तो महिना यजमानांना कठीण गेला, कारण घरखर्चातला एक भाग त्या पैशातून भागायचा आणि तो किती, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

परीक्षेचा सगळा माल अप्पा बळवंत चौकातल्या एका विक्रेत्याला एकगठ्ठा दिला. खरेदीपेक्षा कमी मिळाले; सुमारे वीस हजारांचा खड्डा पडला. थोडी थोडी करून ऑनलाइन विकली असती तर तो निम्म्यावर आला असता, पण मग पुढचे सहा महिने बेल वाजत राहिली असती. सुनंदाताईंनी दोन दिवस विचार केला आणि टेम्पो बोलावला. टेम्पो सकाळी दहाला आला, आप्पा न्हाऊन-जेवून पेपर घेऊन बसले होते तेव्हा. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत पेपरात घातली.

पैशाचं बोलणं गणपतीत झालं, कारण तेव्हाच सगळे एकत्र येतात. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रकरण या बैठकीवर फिरलं.

आप्पांची पेन्शन ३१,००० च्या आसपास. ती जवळपास पूर्ण बँकेत साठत होती, वर्षाकाठी तिची मुदतठेव व्हायची. "आप्पांच्या पैशाला हात लावायचा नाही" हा घरातला अलिखित नियम. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हा नियम मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यामागचा सद्भाव मला कळतो. पण त्याचा हिशेबी अर्थ असा होतो की म्हाताऱ्यांचा पैसा तिन्ही मुलांसाठी साठतो आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा एक सून फुकट करते.

मी दोन रकान्यांचा कागद समोर ठेवला. यजमान गप्प. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला लागतील तेवढे पैसे मी पाठवतो ना." सुनंदाताई म्हणाल्या, "भाऊजी, मला नकोत. मला लागत नाहीयेत, आप्पांना लागतायत." नणंद म्हणाली की पेन्शन मोडली तर पुढे मोठं आजारपण आलं की काय करायचं. प्रश्न रास्त होता, आणि त्यावर कोणाकडे चटकन उत्तर नव्हतं. उत्तर दिलं आईंनी, आतल्या पलंगावरून: "पैसा आमचा आहे ना? मग आमच्यावर खर्च होऊ दे. उरलं तर घ्या वाटून."

सुदैवाने पेन्शनचं खातं २०२१ मध्येच दोघांच्या नावे, 'कोणीही एक किंवा हयात' पद्धतीने करून ठेवलं होतं. निदानाच्या आधी. मुखत्यारपत्रावर विसंबले असते तर अडकले असते, कारण ज्याने ते दिलं त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. आईंच्या सहीवर व्यवहार सुरू झाला. ठरलं ते असं: मावशीचा पगार आणि औषधांचा काही भाग पेन्शनमधून; डायपर, फिजिओथेरपी आणि बाकीची औषधं दिरांकडे; नणंद दर दोन महिन्यांनी आठवडाभर येऊन राहणार; मुदतठेवींना हात नाही, त्या मोठ्या आजारपणासाठी. नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या कलमात होतं.

मावशी मिळायला वेळ लागला. ब्यूरोने पाठवलेली पहिली बाई टिकली नाही, आणि बदलीवर बदली येऊ लागली. ब्यूरोच्या दृष्टीने माणूस पुरवलं की काम झालं. पण रोज नवा चेहरा हा आप्पांसारख्यांना सगळ्यांत जास्त त्रास देणारा प्रकार. शेवटी इमारतीत काम करणाऱ्या बाईंच्या ओळखीतून एक मावशी थेट ठरल्या, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्यांच्या सुट्टीचे वार, आजारपणाची रजा आणि दिवाळीचा बोनस सुनंदाताईंनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला.

धंद्याची नवी घडी अशी बसली. माल फक्त जुना. संकेतस्थळावर पाठवण्याची मुदत जेवढी लांब ठेवता येते तेवढी ठेवली आणि प्रत्येक पुस्तकाखाली लिहिलं: 'पार्सलं मंगळवारी आणि शुक्रवारीच निघतात.' घरून कुरिअर उचलणं बंद. त्या दोन दिवशी सकाळी मावशी आल्या की सुनंदाताई स्वतः पोस्टात जातात. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलं: ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा, आणि पार्सलचा माग काढता येतो. ते जमिनीवरून जातं म्हणून वेळ घेतं. थांबायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला ते चालतं. नियतकालिकं आणि जाहिराती असलेला मजकूर त्यात चालत नाही, तेव्हा दिवाळी अंक नेहमीच्या पार्सलनेच जातात.

घरात काही साधे बदल. विक्रीचा माल आप्पांच्या खोलीतून उठून सुनंदाताईंच्या खोलीतल्या बंद कपाटांत गेला, प्रत्येक पुस्तकाला कपाट-कप्पा-क्रमांक. कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या, कारण आप्पांनी एक पेपरमिंट समजून तोंडाशी नेली होती. आता वेखंड आणि कडुलिंबाचा पाला. कटर आणि पॅकिंगची चिकटपट्टी कुलपात. बाहेरच्या दाराची कडी वरून काढून खाली, नजरेत न येणाऱ्या जागी बसवली. सदऱ्याच्या खिशावर आतून फोन नंबर शिवला.

आणि आप्पांच्या खोलीत न विकणारी पन्नासेक पुस्तकं ठेवली, लाल पेन्सिलीसकट.

परिणाम

२०२५ च्या मध्यावर विक्री महिन्याला २२ ते २५ हजारांवर आली होती, म्हणजे जवळपास निम्मी. शिल्लक १० ते ११ हजार. ऑर्डरी मात्र एक तृतीयांश. परत येणारं पुस्तक क्वचितच, खात्याचा दर्जा पूर्वपदावर. सुनंदाताईंच्या हिशेबात पाच हजारांची घट दिसते. मी त्यात त्यांचे वाचलेले तास धरतो आणि घट मानत नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

संध्याकाळचा आरडाओरडा बंद झाला असं म्हणता येणार नाही, कमी झाला. सहाला मावशी गेल्या की आप्पा अजूनही 'घरी जायचंय' म्हणून दाराशी येतात. पण पुस्तकं ओढणारं कोणी दारात नसतं, आणि समजूत काढायला एक माणूस मोकळं असतं. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी पुढच्या भेटीत परत कमी केली.

लाल पेन्सिलीची पुस्तकं काही महिने छान चालली. रोज सकाळी दोन तास आप्पा तपासत बसायचे. मग खुणा विरळ झाल्या, पुढे नुसत्या रेघा, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी पेन्सिल हातात घेणं सोडलं. आजार पुढे सरकला. उपायाचा दोष नाही.

नणंदेने एकदा आप्पांना नाशिकला नेऊन पाहिलं. नव्या जागेत त्यांना न्हाणीघर सापडेना, रात्रभर फिरत राहिले, पाचव्या दिवशी परत आणावं लागलं. तेव्हापासून नणंदच इकडे येते, आणि तो आठवडा सुनंदाताई माल पाहायला बाहेर काढतात. मे २०२५ मध्ये त्यांनी शनिवार पेठेतल्या एका वाड्याचा संग्रह घेतला. वर्षभराचा माल त्यातून मिळाला.

रात्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आप्पा रात्रीतून दोन-तीनदा उठतात. यजमानांची पहिली पाळी नसेल त्या आठवड्यात ते उठतात, एरवी सुनंदाताई. सुनंदाताईंचा रक्तदाब वाढलाय आणि पाठ दुखते. रात्रीचा माणूस ठेवायला पेन्शनमध्ये जागा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खातं सुट्टीवर टाकण्याचा निर्णय आई पडल्या त्याच आठवड्यात घेता आला असता. त्याऐवजी महिनाभर ऑर्डरी घेणं आणि रद्द करणं चालू राहिलं, आणि दर्जा घसरला तो त्या एका महिन्यात. सुट्टी घेतली की गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती. प्रत्यक्षात जुन्या पुस्तकांची गिऱ्हाइकं सप्टेंबरात परत आली. दोघांतिघांनी तर आईंची तब्येत विचारली.

मे २०२४ मध्ये परीक्षेच्या पुस्तकांचा एक मोठा गठ्ठा उधारीवर घेतला होता. वीस हजारांच्या खड्ड्यातला निम्मा त्या एका खरेदीचा. अभ्यासक्रम बदलण्याची तारीख आधी कळलेली असताना तो माल पूर्वपरीक्षेपुरता ठेवायला हवा होता.

कुरिअर आणि संध्याकाळ यांचा संबंध वहीत दिसत होता. फुल्या मारणाऱ्या हाताने त्या कधी मोजल्या नाहीत, कारण ती वही धंद्याची होती आणि आप्पांचं बिनसणं हा डॉक्टरांचा विषय मानला गेला. गोळी वाढवण्याआधी पिकअपची वेळ बदलून पाहिली असती तर डॉक्टरांनाही जास्त नेमकं सांगता आलं असतं. अशा घरांत मी आता पहिल्यांदा दिवसाचं वेळापत्रक मागतो, मग जमाखर्च.

पैशाची बैठक २०२२ मध्ये, निदान झालं तेव्हाच व्हायला हवी होती. तेव्हा आप्पा स्वतः बोलू शकत होते. त्यांच्या पेन्शनचं काय करायचं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं असतं तर गणपतीतली ती संध्याकाळ इतकी अवघड गेली नसती.

आणि एक हिशेब अजून उघडाच आहे. सगळी घडी आप्पांच्या पेन्शनवर उभी आहे. त्यांच्यामागे आईंना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. त्याचा नेहमीचा दर शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, म्हणजे आजच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के. ३१,००० चे १८,६०० होतात. मावशींचे २४,००० त्यात बसत नाहीत, आणि आईंना तेव्हाही मावशी लागणार आहेत. वरचे ५,४०० कोणाकडून यायचे, की आईंपुरत्या कमी तासांच्या मावशी ठेवायच्या, हे ठरलेलं नाही. नणंद म्हणते ठेवींच्या व्याजातून, दीर म्हणतात मी देईन, यजमान म्हणतात तेव्हाचं तेव्हा पाहू. सुनंदाताईंनी तो आकडा दोन रकान्यांच्या कागदावर खाली लिहून ठेवलाय आणि येत्या गणपतीत कागद परत काढणार आहेत.